कार्नोबा पेस्ट वॅक्स: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (थेंब बघून वॅक्स घेऊ नका)

गेल्या वर्षी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी साडेचार हजार घेऊन गाडीला टेफ्लॉन कोटिंग केलं, कागदावर सहा महिने लिहून दिलं, आणि दोनेक महिन्यांत छतावर पक्ष्याच्या विष्ठेचा डाग असा बसला की रबिंग केल्याशिवाय निघेना. विचारायला गेलो तर ॲडव्हायझर म्हणतो, "सर, बर्ड ड्रॉपिंग वॉरंटीत कव्हर होत नाही." पेंटला त्रास देणाऱ्या गोष्टी मोजून चार, ऊन, पक्षी, झाडाचा चीक आणि खराब पाणी, त्यातलं काहीच धरायचं नसेल तर साडेचार हजार कशाचे घेतले हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. यंदा सर्व्हिसला पुन्हा तोच प्रश्न आला, "सर, टेफ्लॉन मारून देऊ का, ऑफर चालू आहे", मी सरळ नाही म्हटलं आणि घरी येऊन कार्नोबा पेस्ट वॅक्सची, म्हणजे रंगावर हाताने लावायच्या घट्ट मेणाची, डबी मागवली. हा अनुभव त्या डबीचा.

टेफ्लॉनचं आधी सांगून टाकतो कारण अजून बरेच जण पैसे घालतायत. तव्यावर टेफ्लॉन बसतं ते कारखान्यात ३०० डिग्रीच्या वर तापवून बसवतात म्हणून. बोनेटवर मशीनच्या पॅडने चोळून ते तसं बसणं शक्यच नाही. गाडी चकचकीत दिसते ती आधी मारलेल्या पॉलिशमुळे, आणि पॉलिश म्हणजे क्लिअरकोट, रंगावरचा पारदर्शक थर, थोडा घासून काढणं. कंपनीचा क्लिअरकोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे बघा किती पातळ थर आहे तो. दरवर्षी सर्व्हिसला मशीन पॉलिश मारून घेणाऱ्यांनी एकदा याचा विचार करावा. वॅक्स काही काढत नाही, ते वर बसतं आणि स्वतः झिजतं, त्याचं कामच ते आहे.

माझी गाडी गडद निळी, २०१९ ची, छत्रपती संभाजीनगरमध्ये उघड्यावर कडुनिंबाखाली उभी असते. धुवायला बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकरचं, दोन्ही इतकं क्षाराचं की बाथरूमच्या नळाला पांढरी पुटं चढतात. हे सगळं सांगतोय कारण पुढची सगळी कहाणी पाण्याचीच आहे.

डबी का घेतली? सिरॅमिक कोटिंगचे मला वीस हजारांच्या वरचे आकडे सांगितले, सहा-सात वर्षांच्या हॅचबॅकला मी तेवढे घालणार नाही. लिक्विड सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमरचा पातळ लेप, टिकतं जास्त पण त्या वेळी महाग वाटलं. पेस्ट वॅक्सची दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची डबी सातशेच्या आत आली आणि एका वेळी लागतं जेमतेम दोन-तीन चमचे, म्हणजे दोन-तीन वर्षांची सोय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण टर्टल वॅक्स, थ्री एम, फॉर्म्युला वन, वेव्हेक्स अशा सगळ्यांची वॅक्स मिळतात आणि खाली जे लिहिलंय ते पेस्ट वॅक्स या प्रकाराबद्दल आहे, एका डबीबद्दल नाही.

घेताना दोन गोष्टी लेबलवर वाचा. एक, "१०० टक्के कार्नोबा" लिहिलेलं असलं तरी डबीत शंभर टक्के कार्नोबा असूच शकत नाही. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं, वितळतं ८२ ते ८६ डिग्रीला, आणि शुद्ध असताना इतकं कडक असतं की फोमवर घेताच येणार नाही. ते सॉल्व्हंट, तेल, दुसरी मेणं घालूनच पसरण्यासारखं करतात. दुसरं, "क्लीनर वॅक्स" लिहिलेलं असेल तर त्यात सफाईचा माल आणि बऱ्याचदा बारीक घासणारी पावडर असते. जुन्या, फिकट झालेल्या रंगाला ते एकदा ठीक आहे, पण दर दोन महिन्यांनी लावायला घेऊ नका. आणि बंपर नुकताच पेंट करून आणला असेल तर थांबा, नव्या पेंटमधला सॉल्व्हंट उडून जायला गॅरेजचा पेंट एक ते तीन महिने घेतो, डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारून मगच वर वॅक्स लावा. मॅट फिनिश गाडीला तर हे लावायचंच नाही.

लावण्याबद्दल. सगळे वॅक्स कुठलं यावर भांडतात, माझ्या मते ऐंशी टक्के काम वॅक्सच्या आधीचं आहे. गाडी शाम्पूने धुतली, सुकवली, मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवर बोटं फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारं बोनेट पिशवीतून रवाळ लागतं, करून बघा, विश्वास बसणार नाही. तो लोखंडाचा बारीक कीस, सिमेंट, झाडाचा चीक, रंगाचे शिंतोडे, शाम्पूने जात नाहीत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मऊ मातीची वडी, पाण्यात थोडा शाम्पू घालून पृष्ठभाग ओला ठेवायचा आणि वडी अलगद फिरवायची, जोर द्यायचा नाही. पांढरी वडी छतावरून फिरवली तर तपकिरी झाली. वडी खाली पडली की फेकून द्यायची, धुवून परत वापरायची नाही, मातीतले खडे तिच्यात रुततात आणि मग ओरखडे.

वॅक्स सकाळी लवकर, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. एका वेळी एकच भाग, अर्धं बोनेट, मग उरलेलं अर्धं, मग एक दार. थर इतका पातळ की लावलंय की नाही असं वाटावं. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना फक्त खांदे दुखतात. थोड्या वेळाने धुरकट होतं, तेव्हा बोट ओढून बघायचं, बोटाखालची रेघ स्वच्छ आली तर पुसायला तयार, फराटे उठले तर अजून थांबा. मायक्रोफायबरचं मऊ कापड चौपदरी घडी घालून घ्या, एक बाजू भरली की पुढची.

पुसल्यावर गडद निळ्या रंगाला जी खोली आली ती खरंच बघण्यासारखी होती. शोरूममधून काढल्यावर दिसला होता तसा रंग, कदाचित जास्तच. शेजारच्या काकूंनी विचारलं, "रंग दिला का रे गाडीला नवीन?" आणि त्यानंतर पाणी मारलं तेव्हाचं दृश्य, अख्ख्या बोनेटवर गोल गोल थेंब, पत्र्यावर कमळाच्या पानावर उभे राहावेत तसे. मी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर पाठवला. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता इथून माझं मत बदललं, आणि हा मुद्दा मी सगळ्यात जास्त जागा देऊन लिहिणार आहे कारण जाहिरातीत आणि व्हिडिओत कोणी सांगत नाही.

ते थेंबच आपल्याकडे घात करतात. वॅक्स नसेल तर पाणी पसरतं आणि पसरून वाळतं. वॅक्स असेल तर पाणी थेंबात गोळा होतं, म्हणजे क्षारही थेंबात गोळा होतात, आणि थेंब उन्हात वाळला की त्याच्या कडेला पांढरं कडं राहतं. मार्चमध्ये एकदा गाडी धुतली, सुकवायच्या आधी फोन आला, बोलत उभा राहिलो, परत आलो तेव्हा छत आणि बोनेट भरून पांढऱ्या टिकल्या. निळ्या गाडीवर त्या लांबून दिसतात. ताज्या असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून मायक्रोफायबरने पुसल्या की जातात, पण व्हिनेगर आम्ल आहे, उन्हात तसंच सोडायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, आणि त्या जागेवरचं वॅक्सही त्याने कमजोर होतं, म्हणजे परत लावा. आठवडाभर तशाच तापू दिल्या तर क्षार क्लिअरकोटमध्ये चरतात आणि मग पॉलिशशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे जो क्लिअरकोट वाचवायला हे सगळं केलं तोच घासायचा.

म्हणून नियम असा ठेवलाय, नळाच्या पाण्याने धुतली की एक थेंबही हवेवर वाळू द्यायचा नाही. मोठा जाड सुकवायचा टॉवेल घेतला, पत्र्यावर पसरून नुसता ओढायचा. शेवटची धार पाइपचं तोंड काढून मोकळी, हळू सोडायची, थेंब एकमेकांत मिसळून पाणी एकत्र खाली उतरतं, सुकवायला निम्मंच उरतं. शेवटची एक बादली आरओची ठेवता आली तर उत्तम, पण आमच्या शहरात पाण्याची जी परिस्थिती आहे त्यात गाडीला आरओचं पाणी घालायला माझं मन होत नाही.

पावसाचं पाणी मात्र वेगळं. त्यात क्षार नगण्य, त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तेच थेंब निरुपद्रवी झाले. तेव्हा परत वॅक्सवर खूश झालो, खोटं कशाला बोलू. वाहत्या पावसात गाडी अर्धी आपोआपच साफ होते. धुळे-सोलापूर हायवेवर पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जे किडे बंपरवर आदळतात ते एरवी खरवडून काढावे लागायचे, यंदा ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं आणि सुटले. निंबोळ्यांचा चिकटा तसाच, पाण्याने मऊ झाला की निघाला. वॅक्स आहे की गेलं हे ओळखायची माझी खूण आता हीच आहे, घाण किती सहज सुटते ती. थेंब नुसत्या शाम्पूमधल्या मेणानेही उभे राहतात, त्यावरून काही कळत नाही.

टिकलं किती? डबीवर तीन महिने लिहिलंय. आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ते विसरा. पारा चाळिशीच्या वर गेला की गडद रंगाच्या छताला हात लावता येत नाही, आणि छत, बोनेट, डिकीचा वरचा भाग दीड महिन्यात कोरडा पडला. दारं मात्र तिसऱ्या महिन्यातही चांगली होती. म्हणजे दर वेळी अख्ख्या गाडीला लावायची गरजच नाही, वरचे तीन भाग दीड-दोन महिन्यांनी, बाकीची गाडी तीन-चार महिन्यांनी. यात माझी डबीही वाचते आणि रविवारही. मे महिन्यात साळुंकीची विष्ठा छतावर आणि दारावर एकाच दिवशी पडली होती, दुपारभर गाडी बाहेर, संध्याकाळी पुसली तर दार स्वच्छ आणि छतावर फिकट वलय. एकाच गाडीवर वॅक्स असलेला आणि संपलेला पत्रा शेजारी शेजारी बघायला मिळाला, याहून वेगळा पुरावा मला नको.

काळ्या प्लॅस्टिकचं लिहायलाच हवं. बंपरच्या खालची, आरशाखालची, वायपरजवळची रंग नसलेली काळी पट्टी पेस्ट वॅक्स शोषून घेते आणि वाळल्यावर पांढरी फटक दिसते, धुवून जात नाही. आधी मास्किंग टेप लावा, वीस-तीस रुपयांत काम होतं. कुठे लागलंच तर शाळेतलं पांढरं खोडरबर घासा, भुगा होऊन निघतं. लिक्विड सीलंट यात बरंच सोपं, त्यांतल्या बऱ्याचशांचे डाग प्लॅस्टिकवर पडत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज गाडी पुसणारे मामा. माणूस कष्टाळू, पहाटे पाचला येतात, पण एक बादली, एक फडकं आणि पंधरा गाड्या. कोरड्या धुळीवर ते फडकं फिरलं की उन्हात गोल गोल जाळं दिसतं ना, ते तिथूनच येतं, आणि वॅक्सही त्याच फडक्याने निघतं. मी मामांना म्हटलं, "मामा, पैसे तेवढेच घ्या, पण माझी गाडी रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा काचा आणि चाकं करा, पत्र्याला हात लावू नका." त्यांना आधी वाटलं मी रागावलोय. मग पत्र्यावरच्या दोन जागा दाखवल्या, एक मायक्रोफायबरने पुसलेली आणि एक फडक्याने, मोबाइलचा टॉर्च मारून. त्यांना लगेच पटलं. आता ते दुसऱ्या दोघांच्या गाड्यांनाही आधी पाणी मारतात. भांड्याचं लिक्विड बादलीत घालत असाल तर तेही बंद करा, तेल काढायलाच बनवलंय ते, वॅक्स सोडणार नाही.

हिशोब सांगतो. डबी, क्ले बार, मायक्रोफायबर, सुकवायचा टॉवेल, टेप, सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या टेफ्लॉनच्या निम्म्यात झालं, आणि डबीत अजून अर्ध्याहून जास्त माल आहे. वेळ जातो, पहिल्यांदा अख्खी सकाळ जाते, ते धरूनच घ्या. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल तर रंगाच्या खोलीचा फरक फारसा दिसणार नाही, त्यांनी थेट सीलंट घ्यावं. तळघरात पार्किंग असेल आणि स्लॅबमधून चुन्याचं पाणी ठिबकत असेल तर कुठल्याच वॅक्सच्या भरवशावर राहू नका, गाडीची जागा बदलून घ्या, तो चुना पत्र्यावर दगड होतो.

मी दिवाळीआधी छत, बोनेट आणि डिकीला लिक्विड सीलंट लावणार आहे, दारांना हीच डबी चालू ठेवणार. सीलंट लावायच्या आधी जुनं वॅक्स काढावं लागतं, नाहीतर ते नीट धरत नाही, त्यामुळे तेवढ्या एका दिवसापुरतं भांड्याचं लिक्विड वापरीन. कोणी क्षाराच्या पाण्यात सीलंट वापरलं असेल तर टिकल्या कमी पडतात का ते नक्की लिहा, कुठल्या गावात आणि पाणी कुठलं तेही सांगा.