ब्लॉगर: बारा वर्षं वापरलं, त्यावरून नोकरी गेली, तरी वापरतेय

ब्लॉगर म्हणजे ब्लॉग लिहायचं ते गुगलचं, पत्त्यात शेवटी ब्लॉगस्पॉट येतं ते. मी २०१३ पासून वापरतेय. याचे रिव्ह्यू शोधायला गेलं की सगळीकडे तेच, थीम किती, अ‍ॅडसेन्सच्या जाहिरातींचे पैसे किती मिळतात, वर्डप्रेस बरं की हे बरं. पण जी माणसं घरचं लिहितात, सासूबाईंचं आजारपण, मुलीचा ताप, भांडणं, कोर्टाच्या तारखा, रात्रीची न येणारी झोप, त्यांच्यासाठी कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी चांगलं सांगते. एकतर फुकट. बारा वर्षांत डोमेनचा (म्हणजे पत्त्याचा) किंवा होस्टिंगचा (म्हणजे जागेचा) एक रुपया दिला नाही. लिहायच्या खिडकीतच इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं, मी सुरुवात केली तेव्हा मला मराठी कीबोर्ड येत नव्हता आणि या एका सोयीमुळे मी लिहिती झाले नाहीतर वहीतच राहिलं असतं सगळं. बटणं मोजकी आहेत, दोन दिवसांत हात बसतो. १९९९ मध्ये पायरा लॅब्स नावाच्या छोट्याशा कंपनीने हे काढलं आणि २००३ मध्ये गुगलने घेतलं, म्हणजे नेटच्या हिशोबाने चांगलंच वयस्कर आहे, नवीन फीचर वगैरे फारसं येत नाही. मला ते आवडतं. दर महिन्याला तोंडवळा बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये घरातलं लिहायला माझा हात धजावत नाही.

आता नोकरीचं.

मी नाशिकला एका खाजगी विनाअनुदानित शाळेत शिकवत होते, शाळेचं नाव देत नाही. जून २०२२ ला लागले, प्रोबेशन दोन वर्षांचं. ब्लॉगवर माझं नाव नव्हतं, फोटो नव्हता, शाळेचं नाव कधीच लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शाळेबद्दल मी लिहितच नव्हते. लिहायचे ते घटस्फोटाबद्दल, मुलीला एकटीने वाढवण्याबद्दल. आठवड्याला तीस-चाळीस हिट्स, त्यातल्या निम्म्या ओळखीच्या दोन मैत्रिणींच्याच असणार. ऑक्टोबर २०२३ मधल्या एका सोमवारी रात्री मुलगी झोपल्यावर मी सवयीने स्टॅट्स उघडले तर एकाच पोस्टवर ३१२ हिट्स. मला इतका आनंद झाला! वाटलं कोणीतरी मोठ्या माणसाने कुठेतरी शेअर केली असणार. मी दहा-दहा मिनिटांनी रिफ्रेश करत बसले होते आणि आकडा वाढतच होता, झोपले तेव्हा चारशेच्या वर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला शिपाई मामा वर्गात आले, मुख्याध्यापक मॅडमनी बोलावलंय म्हणून. टेबलावर तीन कागद स्टेपल केलेले. माझीच पोस्ट. खाली प्रत्येक पानाला ब्लॉगचा पूर्ण पत्ता आणि कोपऱ्यात १/३, २/३, ३/३ छापून आलेलं, कमेंट्ससुद्धा प्रिंट झालेल्या, कोणीतरी 'खंबीर राहा ताई' लिहिलं होतं ती पण. दुसऱ्या पानावर पिवळ्या हायलायटरने एक वाक्य रंगवलं होतं. पोस्ट २०१९ ची होती, फॅमिली कोर्टात निकाल लागला त्या दिवसाची, आणि वाक्य एवढंच होतं की घरी आले, साडी बदलली, वरणभाताचा कुकर लावला, फ्रीजमधली बिअर काढून गॅलरीत एकटीने बसून प्यायले आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. मॅडम म्हणाल्या, "बाई, हे तुमचंच ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचं डोक्यातच आलं नाही. मग म्हणाल्या, "पालकांना मी काय सांगू आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही कारण पालकांना त्यातलं काय सांगायचं असतं तेच मला कळत नाही. पोस्ट चार वर्षांपूर्वीची, तेव्हा मी त्या शाळेत नव्हतेसुद्धा.

एका पालकाने ओळखलं होतं म्हणे. कशावरून तर गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी, मुलगी कितवीत आहे, मी कुठला विषय शिकवते, गावाकडच्या जत्रेचं एका पोस्टमध्ये आलेलं वर्णन. एकेक गोष्ट किरकोळ, सगळ्या एकत्र केल्या की मीच. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जाड अक्षरांत सांगतेय असं समजा: नाव न लिहिणं म्हणजे लपणं नाही.

आठ दिवसांनी पत्र हातात दिलं. त्यात ब्लॉग नाही, बिअर नाही, घटस्फोट नाही. 'काम व वर्तन समाधानकारक नाही' एवढंच, सोबत एक महिन्याचा पगार. वकिलांना दाखवलं तेव्हा कळलं की हे शब्द हवेतून आलेले नाहीत. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा आहे, त्याच्या कलम ५ मध्ये प्रोबेशनवरच्या माणसाचं काम किंवा वर्तन समाधानकारक वाटलं नाही तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन काढता येतं. 'किंवा वर्तन'. त्या एका शब्दात माझी गॅलरी बसवली. कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं पण तीस दिवसांच्या आत, आणि माझे ते तीस दिवस पडदे लावून घरात बसण्यात गेले. याची टोचणी आहे. कोणावर अशी वेळ आली तर रडायचं ते रडा पण पहिल्या आठवड्यात पत्र घेऊन वकिलाकडे जा.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हे जुनं दुखणं आहे. लॉस एंजेलिसमधली हेदर आर्मस्ट्राँग, 'डूस' नावाने लिहायची, वेब डिझायनर होती, २००२ मध्ये तिची नोकरी ब्लॉगवरून गेली आणि मग अशी नोकरी जाण्याला इंग्रजीत 'डूस्ड' असा शब्दच पडला. ती ऑफिसातल्या लोकांबद्दल लिहायची आणि पुढे स्वतःच सगळ्यांना सांगायची की बॉसला माहीत नसेल तर कामाबद्दल नेटवर लिहू नका. सल्ला बरोबर आहे पण माझ्यासारखीच्या कामाचा नाही, माझ्या पोस्टमध्ये काम नव्हतंच. मला जवळची वाटली ती पॅरिसची कॅथरिन सँडरसन. इंग्लिश बाई, तिथल्या एका ब्रिटिश अकाउंटन्सी फर्ममध्ये सेक्रेटरी, 'पेतीत आंग्लेज' या नावाने लिहायची, मुलीला ब्लॉगवर 'टॅडपोल' म्हणजे बेडकाचं पिल्लू म्हणायची आणि मुलीच्या बाबांना 'मिस्टर फ्रॉग'. फर्मचं नाव कुठेही नाही. २००६ मध्ये तिला काढलं, फर्मचं म्हणणं की तिचा फोटो ब्लॉगवर आहे म्हणजे फर्मही ओळखू येते. ती कामगार न्यायालयात गेली आणि २००७ च्या मार्चमध्ये जिंकली, ४४,००० युरो मिळाले. तिचा निकाल मी तीनदा वाचला. आपल्याकडे कोलकात्यातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण २०२२ मध्ये पेपरात आलं होतं, इन्स्टाग्रामवरचे पोहण्याच्या कपड्यांतले फोटो एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या नजरेला पडले म्हणून. तिचं म्हणणं की अकाउंट प्रायव्हेट होतं, फोटो नोकरी लागायच्या आधीचे होते आणि राजीनामा जबरदस्तीने घेतला, विद्यापीठाचं म्हणणं की तिने आपणहून दिला. मुलाचे वडील, आधीचे फोटो, चौकशीच्या टेबलावर ठेवलेले कागद. वाचताना माझे हात थंड पडले होते.

आता परत ब्लॉगरकडे, कारण रिव्ह्यू त्याचा आहे आणि माझी नोकरी त्याने घालवली नाही. सेटिंग होतं, मी उघडून पाहिलं नव्हतं.

सेटिंग्जमध्ये खाली 'परमिशन्स' म्हणून भाग आहे, त्यात 'रीडर अ‍ॅक्सेस'. तीन पर्याय: सगळ्यांना उघडं, फक्त लिहिणाऱ्याला, किंवा तुम्ही ज्यांचे ईमेल टाकाल त्यांनाच. तिसरा पर्याय घरचं लिहिणाऱ्यासाठी सोन्यासारखा आहे. वाचणाऱ्याला गुगल अकाउंटने लॉगिन करावं लागतं, याचा काही लोकांना कंटाळा येतो, माझ्या मावशीने दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. पण ज्याला खरंच वाचायचंय तो करतो.

त्याच सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनला दिसू द्यायचं की नाही हे बटण आहे. इथे बरेच जण फसतात. ते बंद केलं म्हणजे ब्लॉग बंद झाला असं नाही, फक्त गुगलच्या शोधात येत नाही, तेही लगेच नाही, ज्याच्याकडे लिंक आहे तो आरामात वाचतो. आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला किती वेळ लागतो ते मी रात्रभर आकड्यात बघितलंय.

प्रोफाइल. एकाच अकाउंटवर दोन ब्लॉग असतील तर प्रोफाइलवर दोन्ही दिसू शकतात, कुठले दाखवायचे ते तिथे निवडावं लागतं. पाककृतीचा ब्लॉग स्वतःच्या नावाने आणि मनातला निनावी, असं कोणी करत असेल तर आजच जाऊन बघा, किंवा सरळ वेगळं अकाउंट काढा.

मोठी उणीव एकच पण ती मोठीच. पोस्टनिहाय कुलूप नाही. वर्डप्रेसमध्ये एखादीच पोस्ट खाजगी ठेवता येते, पासवर्ड घालता येतो. इथे एकतर अख्खा ब्लॉग बंद नाहीतर अख्खा उघडा, मधलं काही करायचं तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये टाकायची, मग ती कोणालाच दिसत नाही. २०१९ ची ती पोस्ट मी मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर स्टाफरूममध्ये बसून मोबाईलवरून ड्राफ्टमध्ये टाकली, अंगठा थरथरत होता. उपयोग शून्य, कागद आधीच टेबलावर होते. ज्यांच्याकडे ईमेलने गेली त्यांच्या इनबॉक्समध्ये आहेच, कोणी स्क्रीनशॉट घेतले असतील ते आहेत, नेटवरची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनने प्रत घेतली असेल तर तीही आहे. उडवणं हा काही उपाय नाही हे मनाशी धरून लिहायला बसावं.

बॅकअपचं चांगलं आहे, सेटिंग्जमधून एक फाइल उतरते, सगळ्या पोस्ट आणि कमेंट्ससकट. फोटो त्यात नसतात, नुसत्या लिंका असतात, फोटो वेगळे ठेवा. माझी बारा वर्षं त्या एका फाइलमध्ये आहेत आणि पेनड्राइव्ह कपाटात आईच्या पाटल्यांच्या डबीत ठेवलाय.

रेटिंग द्यायचं तर लिहायला पाचपैकी साडेचार, खाजगी गोष्टी ठेवायला अडीच, कारण नवीन ब्लॉग काढताना तो सगळ्यांना उघडाच निघतो आणि बंद करायचं कुठून ते शोधावं लागतं. लिहिणं सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. मला आत्ता क्लासेस आहेत, आठवी ते दहावी, बारा मुलं, शाळेच्या पगाराच्या निम्मे पैसे मिळतात आणि ते पुरवावे लागतात. पण त्या पोस्टमध्ये मी काही चुकीचं लिहिलं होतं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. निकाल लागला होता, मी दमले होते, मला झोप लागली होती. एवढंच लिहिलं होतं.

ब्लॉग आता चौदा जणांना उघडा आहे. गेल्या महिन्यात ती पोस्ट ड्राफ्टमधून काढून परत टाकली, काना-मात्रा न बदलता, बिअरच्या वाक्यासकट. पहिली कमेंट स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंची आली. त्या अजून तिथेच शिकवतात. लिहिलंय, "त्या दिवशी काहीच बोलले नाही गं मी. आज वाचलं पूर्ण."