अमृतसर ते परभणी, सचखंड एक्सप्रेसनं : एका जुन्या कंडक्टरचा अभिप्राय

आधीच सांगतो, माझी सगळी नोकरी एस.टी.त गेली. परभणी आगार, वाहक. त्यामुळं गाडी रबरी चाकाची असो का लोखंडी, मला तिच्यात नुसतं प्रवासी म्हणून बसताच येत नाही. गर्दी कोणत्या दारातून चढायली, कुणाचं पोतं वाटेत आडवं पडलंय, कोण उगाच खिडकीबाहेर बघायचं सोंग करतंय, हे सगळं डोळे आपोआप टिपत राहतात. तेव्हा हा अभिप्राय त्याच हिशेबानं वाचावा.

आमचे जावई लष्करात आहेत, सध्या अमृतसरला. उन्हाळ्यात लेकीनं बोलावून घेतलं आणि निघायची गोष्ट काढली की "आणखी आठ दिवस राहा ना बाबा" असं करत करत मुक्काम चांगलाच लांबला. दरबार साहिब म्हणजे सुवर्णमंदिर झालं, जालियनवाला बाग झाली, अटारीची परेड झाली. मधेच थंड हवा खायला म्हणून हिमाचलातल्या एका गावी नेलं. तिथल्या हॉटेलात गरम पाण्यासाठी सकाळी बादली घेऊन जिन्यात उभं राहावं लागलं. त्या हॉटेलाचं नाव घेत नाही, पुन्हा जायचंही नाही. मग मिरगाच्या आत घरी पोचलं पाहिजे म्हणून मी हट्टानं परतीचं तिकीट काढायला लावलं. जमीन थोडी असली तरी पेरणीच्या तोंडावर परमुलखात जीव लागत नाही.

अमृतसरहून गाडी न बदलता परभणीला यायचं तर सचखंड एक्सप्रेस. येताना नंबर १२७१६, जाताना १२७१५. रोज असते. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, अकाल तख्त अमृतसरला आणि हजूर साहिब नांदेडला, ही गाडी त्या दोघांना जोडते. दोन हजार किलोमीटरच्या वरचा पल्ला आहे. अमृतसरहून पहाटे अंधारात निघते, जालंधर, लुधियाना, अंबाला करत दुपारी दिल्ली, मग आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, रात्री भोपाळ, आणि उजाडायच्या सुमाराला खानदेशात येते. तिथून मनमाड, संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड.

तिकिटाचं थोडक्यात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीच्या एकशेवीसच्या हिशेबावर कुणी बसू नये. पुरुष साठीच्या पुढं आणि बाई पंचेचाळिशीच्या पुढं असेल तर खालच्या बर्थचा कोटा मिळतो, तो बुक करताना मागा. सवलत मात्र विसरा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. आमच्या लालपरीत बघा, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट. आमची मंडळी हे बोलून दाखवल्याशिवाय गाडीत बसत नाही. मी गप्प राहतो. आतून बरं वाटतं.

डबा आम्ही स्लीपरच घेतला. जावई एसीचं म्हणत होते, पण एसीची काच बंद. बाहेर काय चाललंय कळत नाही, आत कुणी बोलत नाही, सगळे पडदे ओढून झोपलेले. स्लीपरमध्ये ऊन लागतं हे खरं. आग्र्याच्या पुढं असा झळा मारणारा वारा येतो की ओला गमछा दहा मिनिटांत कडक होतो. पण चंबळ ओलांडताना ते मातीचे बिहड उघड्या खिडकीतून बघायला मिळतात, आणि मुरैन्याची गजक घ्या गजक म्हणणाराही भेटतो. उन्हाचा त्रास असणाऱ्यांनी मे-जूनमध्ये एसी घ्यावा, त्यात कमीपणा नाही. सामान स्लीपरला माणशी चाळीस किलोपर्यंत चालतं. आमच्याकडं लेकीनं दिलेल्या अमृतसरी वड्या, पापड, लोणचं आणि लुधियान्याच्या शाली, असं मिळून ते किती भरलं ते कुणी मोजलं नाही, मीही मोजू दिलं नाही.

आता या गाडीचा एवढा बोलबाला कशासाठी आहे ते सांगतो. लंगर. दिल्ली, भोपाळ, आणि इकडं आल्यावर संभाजीनगर, जालना, परभणी अशा स्टेशनांवर सेवेकरी बादल्या आणि पराती घेऊन फलाटावर उभे असतात. गाडी थांबली की वाढायला सुरुवात. पैसे नाहीत. कोण कुठल्या जातीचा, तिकीट कोणत्या डब्याचं, कुणी विचारत नाही. तुमचं भांडं पुढं करा एवढंच. लेकीला हे माहीत होतं, तिनं आम्हाला स्टीलची दोन ताटं आणि एक डबा बरोबर दिला. ज्यांच्याकडं भांडं नव्हतं ते कुणी बिस्किटाच्या पुड्याचं खोकं, कुणी वर्तमानपत्र पुढं करत होते, आणि पातळ डाळीला वर्तमानपत्र काही कामाचं नाही.

मी मात्र जेवणापेक्षा वाढणाऱ्यांकडं बघत बसलो. थांबा असतो किती, आणि डब्यातली माणसं किती! एक सेवेकरी मागच्या दारानं चढला, पुढच्यानं उतरणार. पहिल्याच्या हातात पोळ्या, त्याच्या मागं डाळ, त्याच्या मागं पाणी. कुणी परत हाक मारली तर पहिला मागं वळत नाही, मागचा बघून घेतो. गर्दीच्या गाडीत पुढचा टप्पा यायच्या आत सगळी तिकिटं फाडायची विद्या आम्हाला शिकायला वर्षं लागायची, आणि ही पोरं बादली घेऊन ती करत होती. एकाला मी म्हणलं, "लाईन मस्त लावली." त्याला काही कळलं नाही, तो हसला आणि ताटात आणखी एक पोळी टाकून गेला.

आमच्या मंडळीला आधी हे पटेना. फुकटचं कसं खायचं? म्हणून तिनं जावयाकडून फोनवर एका कंपनीचं जेवण मागवून घेतलं, सीटवर आणून देतात म्हणे. पैसे आधीच कापले. ग्वाल्हेर गेलं, झाशी गेली, थाळीचा पत्ता नाही. फोन लावला की बाई एक दाबा, दोन दाबा म्हणायली. पैसे पुढं काही दिवसांनी परत आले, पण त्या रात्री पोट भरलं ते भोपाळच्या फलाटावरच्या डाळ-पोळीनं. मग तिनंच ठरवलं, नांदेडला जाऊन हजूर साहिबला शिधा द्यायचा. तो ठराव अजून उभा आहे, पाऊस लागला की जाऊ.

माणसांचं सांगतो. आमच्या समोर गुरदासपूरकडचे एक म्हातारे सरदारजी होते, घरच्यांसोबत हजूर साहिबला निघालेले. त्यांनी हिंदीत विचारलं, परभणी कुठं आली. मी म्हणलं, नांदेडच्या अलीकडं, आणि संत नामदेवांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोलीत. १९९९ ला हिंगोली वेगळी झाली, त्याच्या आधी तर ते आमच्याच जिल्ह्यात होतं. एवढं म्हणायचा अवकाश, म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मला, एका रिटायर कंडक्टरला! त्यांचं गाव घुमाणच्या जवळचं. नामदेव महाराज तिकडं राहिले, त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे त्यांनी मला सांगितलं, आणि २०१५ ला त्याच घुमाणला आमचं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, हे मी त्यांना. त्यांना ते पक्कं आठवत होतं. म्हणाले, इतके टोपीवाले पाहुणे गावानं एकदम कधी बघितले नव्हते. मग त्यांनी "भगत नामदेवजी" असं काहीतरी गुणगुणत एक पद म्हणलं. अर्थ अर्धा लागला. मंडळीनं आपल्या बाजूनं अभंग धरला. पलीकडच्या बर्थवरची पोरं कानातली बोंडं काढून ऐकायली.

त्याच कप्प्यात बाजूच्या सीटवर नांदेडची एक सरदारीण होती. दिल्लीपर्यंत पंजाबी बोलत होती. मंडळी उभी राहून पिशवी काढायला लागली तशी ती म्हणाली, "मावशी, काहून उभ्या राहायलाव? बसा, मी काढून देते." ते ऐकून गुरदासपूरच्या म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्हाला त्यात नवल नाही. गुरू गोविंदसिंग १७०८ ला नांदेडला राहिले, तेव्हापासूनची ही घरं, ती आमच्या बोलीत बोलणार नाहीत तर कुणाच्या?

रात्रीचं फार काही नाही. दहा ते सहा मधला बर्थ उघडायचा नियम आहे, त्याच्या आधी कुणी उघडला तर सरळ सांगा, भांडू नका. नर्मदा झोपेत गेली. रावेर-सावद्याकडं उजाडायच्या आत कुठंतरी केळीचा ओला वास आला.

मनमाडला चहा घ्या, इथपर्यंतचा प्रवास पाहुण्यासारखा असतो. इथून पुढं मुलूख आपला. माझ्या तरुणपणी मनमाडला गाडी बदलावी लागायची, कारण पुढं छोटी लाईन, निजामाच्या काळची. ती नव्वदच्या दशकात रुंद झाली. आता एकाच गाडीत बसून अंकाई-टंकाईचे डोंगर, नगरसूल, रोटेगाव, लासूर बघत यायचं. दौलताबादचा किल्ला दिसला की मंडळी हात जोडते. कुणाला जोडते हे मी कधी विचारलं नाही.

पण या टप्प्यात वेळेचा हिशेब करू नका. मनमाडपासून परभणीपर्यंत जवळपास तीनशे किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं एकेरी लाईन. समोरून गाडी आली की तुम्ही बाजूला. परभणीच्या पुढं मुदखेडपर्यंत दुहेरी झाली, म्हणजे आम्ही उतरलो की मग लाईन मोकळी! मराठवाड्याची रेल्वे सिकंदराबादच्या मुख्यालयाला जोडलेली, हा तर आमच्याकडं चहाच्या प्रत्येक टपरीवरचा विषय आहे, तो इथं काढत नाही.

दुसरं म्हणजे मनमाड सोडलं की स्लीपरमध्ये जवळच्या पल्ल्याची माणसं शिरतात. जनरलचं तिकीट, जालन्याला उतरायचं असतं, "जरा सरकून घ्या की काका." तिघांच्या सीटवर पाच जण. उत्तरेकडच्या प्रवाशांना याचा राग येतो आणि तो खोटा नाही, त्यांनी पैसे मोजलेले असतात. ज्याला हे सोसत नाही त्यानं वरच्या वर्गाचं तिकीट काढावं. मी सरकलो. कारण एवढे दिवस जे कानावर नव्हतं ते सगळं त्या सीटवर येऊन बसलं. सोयाबीनला काय भाव लागला, कुणाच्या बोअरला पाणी राहिलं, कपाशीची थैली कितीला मिळायली, कुणाच्या लग्नात डीजेवरून भांडण झालं. एकानं तर जालन्याची मोसंबी सोलून माझ्या हातावर ठेवली, ओळख ना पाळख. लेकीकडं खायची काही ददात नव्हती, पण तिथं शेजारी घरात आहे का नाही हेसुद्धा कळत नव्हतं. परतूर येईपर्यंत आमच्या मंडळीनं दोन स्थळं आणि एक बचतगट जमवला. सेलू, मानवत रोड गेलं, बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं दिसायली, आणि मी पिशव्या मोजायला उठलो.

डब्याच्या स्वच्छतेबद्दल बरेच जण विचारतात. अमृतसरहून निघताना चकाचक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता, आणि त्यात बसणाऱ्यांचा वाटा मोठा. लंगरची ताटं धुवून पाणी बेसिनमध्येच साचवणारी माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. पाणी स्वतःचं मोठ्या बाटलीत घ्या, साबण घ्या, काही अडचण आली तर १३९ वर सांगा.

पाचपैकी मी साडेचार देतो. अर्धा आग्रा ते झाशीच्या उन्हाला कापला. शेवटच्या टप्प्यातल्या गर्दीला मंडळी आणखी अर्धा कापा म्हणत होती, मी कापला नाही. ती गर्दी आमचीच आहे.

हिंगोली-वाशीमकडं जाणाऱ्यांनी परभणीला न उतरता पूर्णा गाठावं, अकोल्याची लाईन तिथून फुटते. परभणीला उतरून गंगाखेड, जिंतूर, पाथरीकडं जायचं असेल तर बसस्टँड स्टेशनपासून चालत गाठता येतं. रिक्षावाल्याचं ऐकू नका. आणि गाडीत चढायच्या आधी सुट्टे पैसे वरच्या खिशात काढून ठेवा, कंडक्टरला पाचशेची नोट दाखवू नका.