क्राफ्टवेर्कचा 'द कॅटलॉग' : आठ अल्बमचा संच आणि त्यात नसलेले तीन

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचे आठ अल्बम एकत्र करून २००९ साली काढलेला 'द कॅटलॉग' हा संच आजही इलेक्ट्रॉनिक संगीत समजून घ्यायचं असेल तर सगळ्यात सरळ रस्ता आहे. १९७४ च्या 'आउटोबान'पासून २००३ च्या 'तूर द फ्रान्स'पर्यंतचं सगळं नव्याने मास्टर करून यात दिलंय. संच घेण्यासारखा आहे. मात्र दोन गोष्टी आधीच ठरवा : इंग्रजीऐवजी जर्मन आवृत्ती, म्हणजे 'डेर काटालोग' घ्यायची, आणि एक नंबरच्या सीडीपासून ओळीने ऐकत सुटायचं नाही.

या बँडची शैली बदलत गेली ती मुख्यतः वजाबाकीने. बासरी गेली, गिटार गेली, व्हायोलिन गेलं, मग हाताने वाजवलेला बेस गेला, शेवटी स्वरांचे समूहही जवळपास गेले. १९८१ पर्यंत ही वजाबाकी इतकी नेमकी होती की दर अल्बमगणिक संगीत हलकं आणि धारदार होत गेलं. पुढे काढण्यासारखं काही उरलं नाही, आणि गाडी तिथेच अडकली. आठ सीडी ऐकताना कान याच गोष्टीकडे ठेवला, तर संचाचे पैसे वसूल होतात.

अडचण अशी की या वजाबाकीची सुरुवातच संचात नाही. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी ड्युसेलडॉर्फमध्ये १९७० साली बँड सुरू केला. श्नायडर बासरीवादक, ह्युटर ऑर्गनवर. जवळच्या कोलोन शहरातल्या रेडिओच्या स्टुडिओत श्टॉकहाउझेनसारखे संगीतकार टेप आणि ऑसिलेटर घेऊन काम करत होते, आणि या पिढीने ते ऐकलेलं होतं. 'क्राफ्टवेर्क' (१९७०), 'क्राफ्टवेर्क २' (१९७२) आणि 'राल्फ उंट फ्लोरियान' (१९७३) या पहिल्या तीन अल्बममध्ये बासरी इकोमधून फिरते, ऑर्गन घरघरतो, ठेका मोकाट धावतो. दुसऱ्या अल्बमला ड्रमर मिळाला नाही म्हणून ऱ्हिदम मशीनवर, म्हणजे ठेका आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर भागवलं, आणि पुढचं सगळं त्या सोयीतून निघालं. हे तिन्ही अल्बम बँडने अधिकृतपणे सीडीवर कधीच आणले नाहीत. बाजारात दिसतात त्या चोरट्या सीडी, बहुतेक जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या, तडतडणाऱ्या. त्यांच्यावर पैसे घालवू नका. पण हे तीन नसल्यामुळे संच ऐकणाऱ्याला वाटतं की ही मंडळी जन्मतःच रोबो होती. तसं नव्हतं, आणि ते लपवणं हा या संचाचा सगळ्यात मोठा दोष आहे.

त्या जुन्या काळाचा धागा फक्त 'आउटोबान'मध्ये, म्हणजे जर्मन हमरस्त्यावरच्या अल्बममध्ये सापडतो. २२ मिनिटं ४३ सेकंदांचं शीर्षकगीत मिनीमूग या सिंथेसायझरच्या बेसवर चालतं, पण नीट ऐका : बासरी आहे, गिटार आहे. क्लाउस रोडर व्हायोलिन आणि गिटारसाठी याच अल्बमपुरता बँडमध्ये होता. ध्वनिमुद्रण कॉनी प्लांकचं. गाडीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं, आणि बाजूने जाणारी वाहनं एका कानातून दुसऱ्या कानात सरकतात. गाण्यातल्या मुख्य ओळीची पुनरुक्ती ऐकून लोकांना बीच बॉइज हा अमेरिकी बँड आठवतो, आणि ते अगदीच चुकीचं नाही. कॅलिफोर्नियातली मुलं आपल्या समुद्राची आणि गाड्यांची गाणी करतात, तर आम्ही आमच्या हमरस्त्याचं का करू नये, असा तो विचार आहे. युद्धानंतरच्या जर्मनीत रेडिओवर इंग्रजी-अमेरिकन गाण्यांचं राज्य होतं. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या भूगोलावर गाणं करणं हाच तिथे नवा पवित्रा होता. छोटी केलेली आवृत्ती अमेरिकेच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेली. ती छोटी आवृत्ती ऐकून थांबू नका. रस्ता लांब वाटणं हाच या गाण्याचा मुद्दा आहे.

याच काळात आलेलं एक उपकरण समजून घेतलं की पुढचे चार अल्बम उलगडतात. वोल्फगांग फ्ल्यूर जे 'ड्रम' वाजवायचा ते म्हणजे एका पाट्यावर बसवलेल्या धातूच्या चकत्या. हातात तारेने जोडलेली धातूची सळई. सळई चकतीला टेकली की सर्किट पूर्ण होतं आणि ऱ्हिदम मशीनमधला एक आवाज सुटतो. आता यात काय होतं बघा : जोरात मारा की हळू, सर्किट एकतर जुळतं किंवा जुळत नाही. त्यामुळे प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा पडतो. तबल्यात किंवा ड्रमसेटवर हाताचा दाब ठोक्यागणिक बदलतो, तोच इथे नाहीसा होतो. वाजवणारा माणूसच आहे, वेळेतली बारीक चूकही माणसाची आहे, पण आवाजाची पातळी यंत्राची. क्राफ्टवेर्कच्या सत्तरच्या दशकातल्या ठेक्यात जी विचित्र ओढ आहे ती यातून येते. पुढे लोकांनी संगणकावर सगळं तंतोतंत बसवून हाच परिणाम साधायचा प्रयत्न केला आणि तो निर्जीव झाला, कारण त्यात हात उरला नव्हता.

'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी' (१९७५) हा सगळ्यात दुर्लक्षित. ह्युटर, श्नायडर, फ्ल्यूर आणि कार्ल बार्टोस हा चौघांचा प्रसिद्ध संच इथून जमला, आणि प्लांकला बाजूला ठेवून निर्मिती त्यांनी स्वतः केली. कोरससारखा जो धूसर आवाज येतो तो व्हाको ऑर्केस्ट्रॉन या वाद्याचा. प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या चकतीवर आवाज साठवलेला असतो, म्हणून त्याला खरखर असते. ती खरखर रेडिओ या विषयाला इतकी शोभते की दुसरं वाद्य सुचत नाही. 'युरेनियम'मधला तोच कोरस पुढे न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडच्या 'ब्लू मंडे'त उतरला. शीर्षकगीत १९७५ मध्ये तटस्थ होतं, रेडिओ आणि किरणोत्सर्ग दोन्हींवर श्लेष करणारं. १९९१ च्या 'द मिक्स'मध्ये त्याला 'थांबवा' असा शब्द जोडून चेर्नोबिल, हिरोशिमा यांची नावं घातली. दोन्ही रूपं संचात आहेत, एकामागोमाग लावून पाहा.

मग येतो 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' (१९७७). सुरुवात इथून करा. या अल्बमसाठी त्यांनी सिंथानोर्मा नावाचा सीक्वेन्सर खास बनवून घेतला. सीक्वेन्सर ठरलेल्या पायऱ्यांनी सिंथेसायझरला विजेचे दाब पाठवतो, म्हणजे एक ओळ न थकता, न हलता फिरत राहते. हात मोकळे होतात आणि वादकाचं काम बदलतं : आता तो सूर वाजवत नाही, फिरणाऱ्या ओळीचा पोत बदलत बसतो. 'फ्रान्झ शूबर्ट' या तुकड्यात हे स्वच्छ ऐकू येतं. अभिजात संगीतात वाढलेली माणसं आहेत हेही तिथे कळतं. शीर्षकगीतात रुळांच्या सांध्यावरून चाकं जातानाचा जोडठोका आहे. पण खऱ्या गाडीचा वेग नाचायला सोयीचा नसतो, म्हणून तो ताल बेतून घेतलेला आहे. तिथून 'मेटल ऑन मेटल' सुरू होतं : सूर नाही, फक्त लोखंडावर लोखंड. याच ठोक्याचा दोनेक सेकंदांचा तुकडा १९९७ मध्ये एका जर्मन रॅप गाण्यात वापरला गेला आणि त्यावरचा खटला जर्मनीच्या घटनापीठापर्यंत आणि युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. दोन सेकंदांत काय आहे हे त्या तुकड्यात कळतं.

न्यूयॉर्कचा हिप-हॉप डीजे आफ्रिका बंबाटा याने १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये या शीर्षकगीताची चाल आणि पुढच्या 'कॉम्प्युटर वर्ल्ड' अल्बममधल्या 'नंबर्स'चा ठेका एकत्र केला. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स आणि मंडळींनी तिथून टेक्नो हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभारलं. क्राफ्टवेर्कला स्वतःला अमेरिकी गायक जेम्स ब्राउनचा ठेकेबाज फंक प्रिय होता. कृष्णवर्णीय अमेरिकेचा ठेका ड्युसेलडॉर्फला आला, तिथे त्याची चरबी उतरवली गेली, आणि तो पुन्हा तिकडेच परत गेला. योगायोग असा की 'प्लॅनेट रॉक'मधलं रोलंड टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग रागांच्या डिस्को रेकॉर्डसाठी वापरत होते. एकमेकांचा पत्ता नसताना.

'द मॅन-मशीन' (१९७८) सगळ्यात देखणा : रशियन चित्रकार एल लिसित्स्कीच्या धाटणीचं लाल-काळं मुखपृष्ठ, सहा गाणी, साधारण ३६ मिनिटं. 'द मॉडेल' पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बहुतेकांना हे एकच गाणं माहीत असतं. खरं सोनं 'निऑन लाइट्स'मध्ये आहे. नऊएक मिनिटांचं गाणं, त्यात शब्द सुरुवातीलाच संपतात आणि उरलेला वेळ फक्त प्रकाश.

आणि 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१). हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे. ३४ मिनिटं, एकही सूर जास्तीचा नाही. 'नंबर्स'मध्ये चाल जवळपास नाहीच; जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, जपानी, रशियन अशा भाषांतले आकडे आणि खाली तो ठेका. आवाज कुठून येतात ते ऐकताना ध्यानात ठेवा : 'पॉकेट कॅल्क्युलेटर'साठी खेळण्यातली आणि खिशातली यंत्रं वापरली आहेत. महागडा सिंथेसायझर असलेल्या माणसांनी मुद्दाम स्वस्त आवाज निवडला, कारण विषयच तो होता. 'कॉम्प्युटर लव्ह'ची चाल कोल्डप्लेने २००५ च्या 'टॉक'मध्ये परवानगीने घेतली. ती आधी तिथे ऐकली असेल तर मूळ ऐकताना किती कमी साहित्यात काम झालंय ते जाणवेल.

जर्मन आवृत्तीचा आग्रह याच अल्बमसाठी. इंग्रजी शीर्षकगीतात इंटरपोल, एफबीआय वगैरे येतात. जर्मनमध्ये त्यापुढे फ्लेन्सबुर्गचं वाहन खातं आणि देशाची गुन्हे शाखा यांच्याकडे आपली माहिती जमा असल्याच्या ओळी आहेत. नागरिकांची माहिती कोण साठवतं हा तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतला तापलेला प्रश्न होता. इंग्रजीत गाणं यंत्रांचं कौतुक वाटतं, जर्मनमध्ये त्याला दात फुटतात. शिवाय जर्मन व्यंजनं या ठेक्यावर चपखल बसतात. भाषा येत नसली तरी बिघडत नाही, शब्द मोजकेच आहेत.

इथून पुढे उतार. 'टेक्नो पॉप' (१९८६ मध्ये 'इलेक्ट्रिक कॅफे' नावाने आलेला) तयार व्हायला वर्षं गेली. मध्ये ह्युटरचा सायकल अपघात झाला, आणि यंत्रं डिजिटल होत गेली तसं जुनं काम पुन्हापुन्हा मोडून केलं गेलं. पहिल्या बाजूची तीन सलग गाणी, तोंडाने काढलेल्या आवाजांचे तुकडे करून रचलेली, उत्तम आहेत. बाकी पातळ. संचात 'द टेलिफोन कॉल' छाटून 'हाउस फोन' जोडलंय, म्हणजे मूळ अल्बम हवा असेल तर तो इथे नाही. 'द मिक्स' म्हणजे जुन्या गाण्यांची डिजिटल उजळणी. एकदा ऐकून ठेवून द्या. फ्ल्यूर आणि बार्टोस तोवर बाहेर पडले होते आणि ठेक्यातलं माणूसपण त्यांच्याबरोबर गेलं. 'तूर द फ्रान्स' मात्र सुखद धक्का आहे. श्वास, हृदयाचे ठोके, सायकलची साखळी यांतून बांधलेला, शांत आणि लांब पल्ल्याचा. यंत्रातून शरीराकडे परतलेला अल्बम. नंतर नवा स्टुडिओ अल्बम आलेला नाही.

आता संच म्हणून. आवाजाची पातळी जुन्या सीडींपेक्षा चढवलेली आहे आणि टेपची सरसर कमी केली आहे. 'कॉम्प्युटर वर्ल्ड'ला याचा फायदाच झाला, 'आउटोबान'च्या हळुवार दुसऱ्या बाजूची मात्र थोडी हवा गेली. मुखपृष्ठं बदलली आहेत : 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'वरचे चौघांचे फोटो जाऊन गाडीचं चिन्ह, 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी'वरचा जुना रेडिओ जाऊन किरणोत्सर्गाचं चिन्ह. बँडचे चेहरे असे पुसणं मला पटत नाही. सीडी पुठ्ठ्याच्या पाकिटात आहेत. ओढून काढताना चरे पडतात, तेव्हा आत प्लास्टिकची पातळ पाकिटं घाला.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर २००९ चीच मास्टरिंग बहुतेक ठिकाणी मिळते. अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) शून्यावर आणा, शफल बंद करा, गॅपलेस (मध्ये फट न ठेवणारी सोय) चालू ठेवा. 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'चं शीर्षकगीत, 'मेटल ऑन मेटल' आणि 'आब्त्सूग' ही सलग रचना आहे. 'नंबर्स' आणि त्यापुढचं गाणंही तसंच. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी ठेका तुटतो. आवाज समान करणारी सोय बंद करा किंवा 'अल्बम' या पर्यायावर ठेवा, नाहीतर शांत तुकडे फुगतात. फोनच्या किंवा एकाच ब्लूटूथ स्पीकरवर 'आउटोबान' लावू नका : बेस ऐकूच येत नाही आणि गाड्या सरकतही नाहीत. साधे वायरचे हेडफोन पुरतात.

२०१७ चा '३-डी द कॅटलॉग' हा वेगळा संच आहे, नावाने फसू नका. ती त्याच आठ अल्बमची मैफलीतली ध्वनिमुद्रणं आहेत, श्रोत्यांचा आवाज काढून टाकलेली. त्याला ग्रॅमी मिळालं, बेसही दणदणीत आहे, आणि ब्लू-रेवर डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे. घरी तशी स्पीकरव्यवस्था असेल तर दुसरी खरेदी म्हणून घ्या. पण तीसेक वर्षांचा आवाज तिथे एकाच रंगात रंगवलाय, त्यामुळे शैली कशी बदलली हे त्यातून मुळीच कळत नाही.

पूर्ण संच परवडत नसेल तर सुटे अल्बम मिळतात. 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' आणि 'कॉम्प्युटर वर्ल्ड' जर्मनमध्ये घ्या, मग 'आउटोबान', मग 'रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी'. 'तूर द फ्रान्स' पाचवा. 'द मिक्स'साठी वेगळे पैसे मोजू नका.