स्कॅनरवरचं ते शून्य: टर्बो गाडीच्या इनटेकपायी माझे ८८,५०० रुपये बुडाले

टर्बो गाडीला बाहेरचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप-फिल्टर, बसवायचा विचार असेल आणि समोरचा माणूस ‘आयडलचं आम्ही बघून घेतो’ म्हणत असेल (आयडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं ते), तर पैसे देण्याआधी हे वाचा. हिशोब आधीच मांडतो, म्हणजे राईचा पर्वत करतोय असं कोणाला वाटायला नको. इनटेक किट ३८,५००. मजुरी ४,५००. ‘ईसीयू ट्यूनिंग’, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं, २७,०००. ‘आयडल स्टॅबिलायझर’ नावाची डबी ६,८००. झाले ७६,८००, सगळे एकाच गॅरेजच्या घशात. पुढे दुसरीकडे तपासणीचे २,५०० आणि मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) आणि पाइप परत जमवायला ९,२००, कारण माझ्याच गाडीचे काढलेले भाग ‘भंगारात गेले’ म्हणून सांगण्यात आलं. तुमचा काढलेला पार्ट त्याच दिवशी डिकीत टाकून घरी आणा. तो हातात नसेल तर तुम्ही त्यांच्या तावडीत आहात.

किट बसवल्यावर पहिल्याच थंड स्टार्टला आरपीएमचा काटा ५०० ते १३०० मध्ये वर-खाली नाचायला लागला. सिग्नलला थ्रॉटल सोडून गाडी थांबवावी तर इंजिन बंद. वळणावर असं झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखं लागतं. ज्यांना वाटतं की आयडल म्हणजे नुसता आवाजाचा प्रश्न, त्यांनी एकदा भर रहदारीत हे अनुभवावं.

गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं. ‘दादा, टर्बो गाडी आहे. टर्बो त्याला हवी तेवढी हवा ओढतो, पाइपचा व्यास बघायचा नसतो.’ ऐकायला पटतं. पण ही गोष्ट फुल थ्रॉटलची, आणि ती तो आयडलला लावत होता. आयडलला टर्बो बूस्ट, म्हणजे जादा दाबाची हवा, देतच नाही. थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यापुढच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम असतो, आणि मॅफ सेन्सरवरून (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) सेकंदाला जेमतेम काही ग्रॅम हवा जाते. चूक सगळ्यात जास्त जाणवते ती तिथेच.

माझ्या मूळ पाइपचा सेन्सरपाशी आतला व्यास ७० मिमी होता, किटचा ८० मिमी. दहाच मिमी, म्हणून कोणी लक्ष देत नाही. क्षेत्रफळ काढा: ३,८४८ चौरस मिमीचं ५,०२७ झालं, म्हणजे सुमारे ३० टक्के जास्त. मॅफची तापलेली तार तिच्यावरून जाणाऱ्या हवेने किती थंड होते तेवढंच ओळखते आणि ईसीयू कंपनीच्या पाइपचा व्यास धरून त्यावरून हवेचं वजन काढतो. रुंद पाइपात तीच हवा हळू वाहते, तार कमी थंड होते. खऱ्या हवेच्या जेमतेम तीन-चतुर्थांश हवा आत आली असं ईसीयू समजतो, तेवढंच पेट्रोल टाकतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. त्यात यांनी मूळ पाइपातली हवा सरळ करणारी जाळी नव्या पाइपात ठेवलीच नाही आणि सेन्सर वळणाला चिकटवला. ब्रीदर होजसाठी (इंजिनाच्या क्रँककेसला, म्हणजे खालच्या भागाला, हवा देणारी नळी) किटला तोंडच नव्हतं, म्हणून तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती उघडी सोडली. म्हणजे क्रँककेसमधून पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे आयडलला जी हवा मॅनिफोल्डमध्ये जाते, तीही मॅफने न मोजलेली. थ्रॉटल सोडल्यावर टर्बोची जादा हवा इनटेकमध्ये नेणारी डायव्हर्टर व्हॉल्व्हची परतीची नळीसुद्धा हवेत सोडली, ‘फुस्स आवाज भारी येतो’ म्हणून. ती हवा मॅफने आधी मोजलेली असते. ती बाहेर गेली की ईसीयू तिच्या वाटचं पेट्रोल टाकतोच, मिश्रण क्षणभर रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि गाडी थांबता थांबता इंजिन बसतं. किट घेताना ब्रीदर आणि रीसर्क्युलेशन (परतीची) या दोन्ही नळ्यांना जागा आहे का ते बोट घालून बघा. नसेल तर उठून या.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला सांगितलं गेलं की ट्यूनिंग करावं लागेल, २७,०००. सल्ला मुळात खोटा नव्हता, आणि म्हणूनच मी पैसे दिले. मॅफचा पाइप बदलला तर ईसीयूमधलं मॅफचं कोष्टक, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलवरून हवेचं वजन काढायचा तक्ता, बदलावंच लागतं, हे कोणताही जाणकार सांगेल. त्यांनी ते बदललं नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. गाडी ताब्यात देताना त्याने स्कॅनर लावला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘हे बघा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, शून्य. एकदम परफेक्ट.’ पडद्यावर ०.० होतं. (ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा; लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेला.) आयडल शांत, ८०० वर स्थिर. मी तो आकडा बघितला आणि मान डोलावली. कोणत्याही चालत्या गाडीत शिकलेलं ट्रिम असं नेमकं शून्यावर बसलेलं सहसा दिसत नाही. थोडं अधिक, थोडं उणं असतंच. सगळीकडे काटेकोर ०.० म्हणजे ईसीयूची शिकलेली आठवण नुकतीच पुसली आहे. दोषांचे कोड क्लिअर केले की बहुतेक गाड्यांत ट्रिमही पुसली जातात. पडद्यावर खाली रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, आठवण पुसली की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात) ‘अपूर्ण’ दिसत होते, तेही मी पाहिले आणि त्याने बोटाने पान सरकवलं. इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. थंड स्टार्ट मला दाखवलाच नाही.

मला शहाणपण शिकवायला येणाऱ्यांना एकच विचारतो: शून्य चूक दाखवणारा आकडा बघून किती जण संशय घेतील? डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर कोण प्रयोगशाळेत धावतं? मी गाडीच्या बाबतीत अडाणी नाही, प्लग आणि फिल्टर स्वतः बदलतो. त्यांना नेमका असाच गिऱ्हाईक हवा असतो, ज्याला आकडा वाचता येतो पण त्यामागची चाल माहीत नसते.

चेक इंजिनचा दिवा लगेच लागत नाही. बहुतेक गाड्यांत लीन मिश्रणाचा दोष लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्यांत) दिसावा लागतो. तोवर बिल भरलेलं असतं. दिवा लागला, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन. पुन्हा गेलो, तर ‘तुमच्या गाडीचा ईसीयू हट्टी आहे’ म्हणत ती ६,८०० ची डबी लावली. हिरवा दिवा लुकलुकणारी.

डबीत काय होतं ते दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर उघडून दाखवलं. इनटेक हवेचं तापमान सांगणाऱ्या वायरीत एक साधा रेझिस्टर. काही रुपयांची वस्तू. त्यामुळे ईसीयूला कायम थंडगार हवा येतेय असं वाटतं आणि तो त्याप्रमाणे आपलं गणित बदलतो. टर्बो इंजिनात हा खेळ फार घातक आहे. हवा तापली की नॉक (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. तापमान खोटं दाखवलं तर हे संरक्षणच लंगडं पडतं आणि पिस्टनवर बेततं. घरी तपासायचं असेल तर रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता, फक्त इग्निशन चालू करून स्कॅनरवर इनटेक हवा आणि कूलंट यांचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखं हवं. माझ्या गाडीत कूलंट २७ आणि हवा ५ अंश दाखवत होती.

आणि ते २७,००० चं ट्यूनिंग? ईसीयूमधून कॅलिब्रेशन आयडी (सेटिंगच्या फाइलचं नाव) आणि सीव्हीएन (त्या फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा) वाचता येतो. कॅलिब्रेशन बदललं की सीव्हीएन बदलतो. तो लपवण्याच्या युक्त्या आहेत, पण इथे तेवढेही कष्ट घेतले नव्हते. त्याच मॉडेलच्या, त्याच सॉफ्टवेअरच्या अजिबात न छेडलेल्या गाडीशी माझा आकडा अक्षरशः जुळला. ईसीयूला कोणी हातच लावला नव्हता. आयडलला लाँग टर्म ट्रिम +२४ टक्के आणि त्यावर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचं) +९. ईसीयू आपल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल वाढवून थकला होता.

पुराव्यांची फाइल घेऊन पोलिस ठाण्यात गेलो. ‘पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, काम आवडलं नाही, ही दिवाणी बाब आहे.’ मी म्हणालो, काम आवडलं नाही असं नाही, काम केलंच नाही. ‘ते तुम्ही कोर्टात सांगा.’ अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र नकार, ती मागून मागून मिळवली. ग्राहक तक्रार कक्षात फोन उचलणाऱ्या बाईंनी तक्रार ‘वाहन विक्री’ या खात्यात टाकली, मी गाडी विकत घेतलेलीच नाही हे तीनतीनदा सांगूनही. मग तज्ज्ञाचा अहवाल मागितला. मेकॅनिकचा अहवाल दिला तर तो ‘मान्यताप्राप्त’ नाही. मान्यताप्राप्त कोण, त्याची यादी कुठे, कोणालाच ठाऊक नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बॉनेट उघडलं, पाइप बघितला आणि बंद केलं: ‘बाहेरचा पार्ट आहे, आम्ही लेखी काही देणार नाही.’ मला दुरुस्ती नको होती, फक्त ईसीयू मूळ आहे एवढं एका ओळीत लिहून हवं होतं. स्कॅनर त्यांच्याच हातात होता! मग परिवहनच्या खिडकीवर विचारलं, तर उलट मलाच धमकी, ‘फेरफार केलेली गाडी चालवता?’ ज्याने फेरफार केला त्याच्या दुकानाची पाटी आजही दिमाखात झळकते, आणि प्रत्येक टेबलावर गुन्हेगारासारखी उत्तरं मी देतोय. यातल्या एकालाही मॅफ म्हणजे काय हे माहीत असण्याची अपेक्षा नाही. पण दोन प्रिंटआउट शेजारी ठेवून आकडे सारखे आहेत हे बघायला इंजिनिअर लागत नाही.

बिलावर त्याने ‘ट्यूनिंग’ असा एकच शब्द लिहिलाय. तोच सगळीकडे आडवा येतोय. तुम्ही काम द्यायच्या आधी सीव्हीएनचा फोटो काढा, नंतरचा काढा, आणि बिलावर ‘मॅफ कोष्टक बदलले’ असं लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका. ताबा घेण्याआधी गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळचा थंड स्टार्ट एसी लावून बघा, मग निदान पन्नास-साठ किलोमीटर चालवून ट्रिम वाचा. आयडलला आणि क्रूझला (एकसारख्या वेगाला) दोन्हीकडे उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तरच उरलेली रक्कम द्या. आणि ज्याला दहा मिमीने काय फरक पडतो हे सांगता येत नाही, त्याला बॉनेटला हात लावू देऊ नका.

मूळ एअरबॉक्स बसवला, ब्रीदर आणि परतीची नळी जागेवर गेली, रेझिस्टर काढला. थ्रॉटल रीलर्न केल्यावर, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची बंद स्थिती पुन्हा शिकवल्यावर, आयडल ७८० वर उभं आहे, ट्रिम +२. माझी तक्रार अजून ‘वाहन विक्री’ खात्यातच पडून आहे.