ॲब्लेशनच्या पंपावर साधं सलाईन, हाफ सलाईन की डेक्स्ट्रोज?

ॲब्लेशनमध्ये हृदयाचे बिघडलेले ठोके थांबवायला कॅथेटरच्या टोकाने स्नायूचा छोटा भाग जाळतात, आणि ते टोक थंड ठेवायला पंपाने द्रव सोडत राहतात. पल्मनरी व्हेनभोवती (फुफ्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरा) काम असेल तर कोणता द्रव हा प्रश्नच पडू नये. तिथली भिंत पातळ, ०.९ टक्क्यांचं साधं सलाईन पुरून उरतं. अडतं ते स्नायूत खोलवरून उठणाऱ्या पीव्हीसी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे अवेळी ठोके) आणि व्हीटी (तिथूनच येणारी वेगवान धडधड) यांच्यापाशी.

तिथे हाफ सलाईनची, म्हणजे ०.४५ टक्क्यांच्या सलाईनची, बाजू खरी आहे. साध्यात लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम, हाफमध्ये ७७. आयन कमी असल्यामुळे कॅथेटरच्या टोकाभोवतीच्या द्रवातून वीज कमी निसटते आणि जास्त ऊर्जा स्नायूत शिरते. साध्या सलाईनला दाद न देणाऱ्या एलव्ही समिटच्या (डाव्या खालच्या कप्प्याचा माथा) पीव्हीसी मी हाफवर थांबताना पाहिल्या आहेत. मात्र त्याच पॉवरवर पॉपची, म्हणजे स्नायूत वाफ होऊन तो फुटण्याची, भीतीही वाढते. हाफवर मी वॅट उतरवूनच सुरुवात करतो आणि इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) फार भराभर घसरला की थांबतो.

पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये तर आयनच नाहीत. पण माझ्या पेशंटांत मधुमेही बरेच, आणि साखर वर, सोडियम खाली अशी दुहेरी काळजी मला नको वाटते.

माझा कौल साध्या सलाईनकडे झुकला तो बाटलीवरून. इंदूरच्या दवा बाजारात ०.४५ टक्के मागितलं की माझ्या अनुभवात बहुधा डेक्स्ट्रोज घातलेलंच पुढे येतं. बिनसाखरेचं नसेल तर लॅबमध्येच ५०० मिली सलाईन नि ५०० मिली स्टराइल वॉटर मिसळा, वर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. घाईत नुसतं स्टराइल वॉटर पंपावर चढलं तर तांबड्या पेशी फुटणार. चालू केसमध्ये बदल करायचा तर नळी पुन्हा प्राइम करा (नव्या द्रवाने भरून हवा काढा), हवेचा बुडबुडा शोधा. डाव्या बाजूला काम असताना एवढासा बुडबुडाही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मी लेबल स्वतः लिहितो, सिस्टरांकडून मोठ्याने वाचून घेतो, तरी केस संपेपर्यंत अर्धं लक्ष त्या स्टँडकडेच राहतं. ते लक्ष मला इलेक्ट्रोग्रामवर, हृदयातल्या विजेच्या नोंदीवर, हवं असतं.

साध्या सलाईनचा दोष म्हणजे मिठाचा भार. सहा छिद्रांच्या थर्मोकूल कॅथेटरला ३० वॅटच्या वर मिनिटाला ३० मिली लागतं. अर्धा तास आरएफ (जाळणारी रेडिओफ्रीक्वेन्सी ऊर्जा) दिलं की ९०० मिली आत. पंपिंग कमी असलेल्या पेशंटला ते जड जातं. पण ५६ छिद्रांच्या थर्मोकूल एसएफ कॅथेटरवर तेच १५ मिलीत भागतं, आणि हाफ घेतलं तरी पाणी तेवढंच जातं, वर लांब केसनंतर सोडियम तपासावं लागतं ते वेगळंच.

नवी लॅब लावत असाल तर रोजच्या कामाला साधंच ठेवा, असं मी सुचवेन. पीव्हीसी हटत नसेल तर आधी कॉन्टॅक्ट फोर्स (टोक स्नायूवर किती दाबलं जातंय ते) बघा, आरएफ जास्त वेळ देऊन बघा, पलीकडच्या बाजूने मॅप करून (ठोक्याचा उगम शोधून) बघा. एवढं करूनही राहिलीच, तर हाफ घ्या. तयार बिनसाखरेचं ०.४५ टक्के ज्यांना नियमित मिळतं, त्यांचं मत कदाचित वेगळं पडेल.