कोल्हापुरात राजारामपुरीतली फ्रेझल व्हर्बची बॅच: दीड महिना जाऊन आलो, सांगतो

आधी सांगतो, मी विद्यार्थी वगैरे नाही, वय ४१, उद्यमनगरात एका मशीन शॉपला क्वालिटी बघतो. आमचं कास्टिंग बाहेरच्या देशात जातं त्यामुळं महिन्यातनं दोनदा तरी गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओ कॉल असतोच. इंग्रजी वाचता येतं, मेल टाकता येतो, खरं समोरचा गोरा बोलायला लागला की आमचं गाडं अडतं, कारण तो पोस्टपोन म्हणत नाही, पुट ऑफ म्हणतो. इन्व्हेस्टिगेट म्हणत नाही, लुक इन्टू म्हणतो. असलं साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला ऑफ, इन्टूसारखा बारका शब्द, ह्या जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. शाळेत आमच्याकडनं लांबडे शब्द पाठ करून घेतले आणि बारके राहूनच गेले. एकदा तो म्हणाला 'वुई हॅव टु कॉल इट ऑफ', मला वाटलं नंतर कॉल करणार, दोन दिवस फोनची वाट बघत बसलो आणि तिकडं ट्रायल लॉटच रद्द झालेला. साहेबांनी जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याआधी एका दुसऱ्या क्लासला जाऊन बघितलेलं. तिथं ५०० व्हर्बची झेरॉक्स देतात, एपासून झेडपर्यंत, रोज वीस पाठ करा. मी बीपर्यंत पोचलो आणि सोडून दिलं. त्यातलं आज एकपण आठवत नाही.

राजारामपुरीतल्या ह्या क्लासचं नाव लिहीत नाही कारण मॅडम बॅच बाराच जणांची ठेवतात आणि पुढच्या वेळी मलाच जागा मिळायची नाही. आठवड्याला तीन दिवस, संध्याकाळी ७ ते ८, सहा आठवडे, फी ३२००. फी जरा जास्त वाटली खरं गेलो. एका दिवशी फक्त पाच व्हर्ब, सहावं विचारलं तरी सांगत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तिघांना पुढं उभं केलं, हातात पुठ्ठे. एकावर टर्न, एकावर ऑफ, आणि एका काकूंच्या हातात इट. आधी इटच्या जागी फॅनवाला पुठ्ठा घेतला, तो शेवटी उभारला तरी चालतं, मधी घुसला तरी चालतं. 'टर्न ऑफ द फॅन', 'टर्न द फॅन ऑफ', दोन्ही बरोबर. पण काकू इट घेऊन आल्या की त्यांनी मधीच घुसायचं, टर्न इट ऑफ, शेवटी उभारल्या की मॅडम ओरडणार 'काकू, आत या!' मग लुक आणि आफ्टर उभे केले, काकू सवयीनं मधी घुसायला गेल्या आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून वाटच दिली नाही. हसून हसून पोट दुखलं. खरं तेव्हापासून मी कधी 'टर्न ऑफ इट' म्हटलेलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात सेपरेबल-इन्सेपरेबल वाचून वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते पुठ्ठ्यानं शिरलं.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे विषय आपले असतात. एक अख्खा दिवस २०१९ च्या महापुरावर. प्रत्येकानं आपली हकीकत सांगायची आणि त्या दिवशीचे पाच व्हर्ब वापरायचे. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेली ते 'गो अप', ओसरलं ते 'गो डाउन', शिरोलीजवळ हायवे बंद पडून गाव तुटलं ते 'कट ऑफ', दुधापासून सिलिंडरपर्यंत सगळं संपलं ते 'रन आऊट', आणि पावसानं उघडीप दिली ते 'लेट अप'. उघडीपला इंग्रजीत शब्द असंल असं मला कधी वाटलंच नव्हतं! एक पोरगा सांगता सांगता रडवेला झाला, त्यांच्या गोठ्यात पाणी शिरलेलं. त्याचे व्हर्ब चुकले, मॅडमनी दुरुस्त केले नाहीत.

मी एकदा वैतागून विचारलं, पुट म्हणजे ठेवणे तर पुट आऊट म्हणजे आग विझवणे कसं काय? मॅडम म्हणाल्या, 'अहो, तुम्ही चक्कर मारता, गप्पा मारता, झाडू मारता, मटणावर आडवा हात मारता. कुणाला मारता? सांगून टाकलं म्हणता, काय टाकलं?' मी गप्प. आपण लहानपणापासनं तेच करतोय, फक्त आपल्याला कधी कुणी यादी दिली नाही.

आणि हे ऐका. मी ओळख करून देताना नेहमी म्हणायचो, 'आय पास्ड आऊट फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी'. इंग्लंडमधल्या माणसाला पास आऊट म्हणजे पहिल्यांदा चक्कर येऊन पडणं आठवतं म्हणे. इतकी वर्षं मी परदेशी लोकांना सांगत होतो की मी विद्यापीठात बेशुद्ध पडलो. ग्रॅज्युएटेड म्हणायचं. कोप अप विथ पण चुकीचं, नुसतं कोप विथ.

आता तक्रारी. ७ ची बॅच सव्वासातला सुरू होते. खाली हॉर्नचा गोंगाट, त्यात ऐकण्याचा सराव म्हणजे डोक्याला ताप. पावती दोनदा मागितली, अजून मिळाली नाही. आणि जोर कुठं द्यायचा हे शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत उरकलं, त्याला एक पूर्ण तास पाहिजे होता. आमच्या शॉपमध्ये ब्रेकडाउन, सेटअप हे शब्द हेल्परलापण येतात, खरं ते नाम असलं की जोर ब्रेकवर आणि 'द मशीन ब्रोक डाउन' म्हणताना जोर डाउनवर, हे मला ४१ व्या वर्षी कळलं, आणि कळलं तोवर क्लास संपला.

नव्वद व्हर्ब झाले, त्यातले पंचवीस-तीस मी सहज वापरतो. पाचपैकी चार स्टार, पावती मिळाली की साडेचार.

गाडी लावायला जागा नाही, दहा मिनिटं आधी निघा. काकू दुसऱ्यांदा फी भरून त्याच बॅचला बसल्यात. नातू मँचेस्टरला, मराठी येत नाही, आणि बारकी पोरं तिकडं असंच बोलतात, पिक मी अप, पुट इट ऑन, म्हणून त्या आल्यात. डिसेंबरात निघायच्या आहेत.