मोटरने उघडणारं हेल्मेट: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं

हा अनुभव वेशभूषेसाठी पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्री-डी प्रिंट केलेल्या, पूर्ण डोकं झाकणाऱ्या हेल्मेटचा आहे. समोरचा चेहरा, म्हणजे फेसप्लेट, दोन एमजी९०एस सर्व्होंवर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणाऱ्या, धातूच्या दात्यांच्या छोट्या मोटरींवर) वर उचलला जातो. डोळ्यांत पांढरे एलईडी, हनुवटीत पंखा, मागे छोटा स्पीकर आणि हा सगळा संसार सांभाळायला अर्डुइनो नॅनो हा एक छोटा कंट्रोलर बोर्ड. फेसप्लेटचं वजन रंगासकट १५० ग्रॅमच्या आसपास. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. असं हेल्मेट बंद पडलं की सगळे मोटरला दोष देतात, पण खोट बहुधा दुसरीकडेच असते: वीजपुरवठ्यात, बिजागरीच्या रेषेत, नाहीतर त्या बिजागरीतून जाणाऱ्या वायरींत. नवी मोटर मागवण्याआधी मल्टिमीटर काढा.

सर्व्हो निवडताना आधी गणित करावं. फेसप्लेटचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून साधारण ९ सेंमी पुढे असेल, तर १५० ग्रॅम गुणिले ९ सेंमी म्हणजे १.३५ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याची ताकद) नुसता ती आडवी धरून ठेवायलाच लागतो. एसजी९० (त्याच मापाचा, प्लास्टिकच्या दात्यांचा सर्व्हो) आणि एमजी९०एस दोन्हींचा ४.८ व्होल्टवरचा स्टॉल टॉर्क १.८ किलो-सेंमी सांगितला जातो. पण स्टॉल म्हणजे मोटर जिथे अडून थांबते तो आकडा. रोजच्या वापराला त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. एकाच सर्व्होवर भागवायला गेलात तर तो कण्हत उचलेल आणि तापेल. दोन्ही कानांशी एकेक लावला की प्रत्येकाच्या वाट्याला ०.७ च्या आतबाहेर येतात, आणि हे निभतं.

एसजी९० ची अडचण ताकदीची नाही, दात्यांची आहे. प्लास्टिकचे दाते हाताने एकदा फेसप्लेट उलटी ढकलली की गळतात, आणि गर्दीत कोणीतरी ढकलतंच. ते सर्व्हो पापण्या किंवा कानांसारख्या हलक्या भागांसाठी ठेवा. दुसऱ्या टोकाला, ५५ ग्रॅमचा एमजी९९६आर लावायचा मोह टाळा. ९ किलो-सेंमीच्या वर ताकद असलेली मोटर अडली की आधी प्रिंट तडकतो, आणि मध्ये बोट आलं तर ती थांबत नाही. एमजी९०एस घेतल्यावर खालचे चार स्क्रू काढून आत बघून घ्यावं. स्वस्तातल्या काही नगांमध्ये एखादं दातेरी चाक प्लास्टिकचंच निघतं.

आता बिजागरी. खरं कौशल्य इथे लागतं. फेसप्लेटचं वजन सर्व्होच्या शाफ्टवर टांगू नका. दोन्ही बाजूंना एम३ बोल्ट, मध्ये पितळी नळीचा तुकडा, शेवटी नायलॉनवाला लॉकनट अशी स्वतंत्र बिजागरी करा, आणि सर्व्होने १.२ मिमी स्टीलच्या तारेने फक्त ढकलावं. नट ढिला होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव) लावणारे पुष्कळ आहेत, पण ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांना बारीक भेगा पाडतं. लॉकनट पुरतो.

बोल्टचं भोक कुठे पाडायचं ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. हेल्मेटची बाजूची आकृती जाड पुठ्ठ्यावर कापायची, फेसप्लेटची दुसरी कापायची, दोन्हींतून टाचणी टोचून फिरवून बघायचं. फेसप्लेटची वरची कड कपाळावर घासली तर टाचणी थोडी वर-मागे सरकवायची. कुठेच घासत नाही अशी जागा सापडली की तीच खूण हेल्मेटवर उतरवायची, आणि वर ३ मिमी मोकळीक ठेवायची. प्रायमर, फिलर आणि रंगाचे थर मिळून ही मोकळीक बरीच खातात. रंगाआधी लोण्यासारखी फिरणारी फेसप्लेट रंगानंतर अडकते ती यामुळेच.

दोन्ही बाजूंचे बोल्ट एका रेषेत असणं भोकाच्या जागेइतकंच महत्त्वाचं. चिकटवण्याआधी ३ मिमीचा एकच सरळ रॉड डाव्या भोकातून उजव्या भोकात आरपार घालायचा. तो सहज फिरला पाहिजे. जरा जरी वाकवून घालावा लागला तर फेसप्लेट उघडताना पिळवटते, एक बाजू आधी उठते, आणि दोन सर्व्हो एकमेकांशी भांडू लागतात. रॉड आत असतानाच इपॉक्सी भरायचं आणि पूर्ण सुकेपर्यंत तो काढायचा नाही.

भांडणाचं दुसरं कारण कोडमध्ये असतं. समोरासमोर बसवलेले सर्व्हो आरशासारखे उलटे फिरतात, म्हणून एकाला ६० अंश दिले तर दुसऱ्याला १२०, इथपर्यंत सगळे करतात. पण दोन नगांचे ९० अंश कधीच नेमके सारखे नसतात, आणि हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारी पट्टी) दात्यांवर एकेका घराने सरकूनच बसतो. म्हणून अंशांऐवजी सर्व्होला जाणाऱ्या पल्सच्या लांबीत, म्हणजे मायक्रोसेकंदांत, काम करा. प्रत्येक सर्व्होचं बंद आणि उघडं टोक वेगळं मोजा, ते चार आकडे कोडमध्ये लिहा आणि हेल्मेटच्या आत मार्करनेही लिहून ठेवा. टोकाला पोचल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अजून ढकलतोय. आकडा १० ते २० मायक्रोसेकंदांनी मागे घ्यायचा.

चालू करताक्षणी फेसप्लेट अर्धी झटक्याने उघडणं ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार. अर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी अटॅच करताना (सर्व्होचा सिग्नल सुरू करताना) काही सांगितलं नसेल तर १५०० मायक्रोसेकंद पाठवते, म्हणजे मधली जागा. अटॅचच्या आधीच्या ओळीत बंद स्थितीचा आकडा लिहिला की झटका जातो. तरी सुरुवातीचं थरथरणं उरलंच, तर सिग्नलच्या वायरीवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर.

वेगाबद्दल एवढंच: सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी नवा पल्स मिळतो, त्यामुळे त्याहून लवकर लवकर आकडे बदलण्यात अर्थ नाही. २० मिलिसेकंदांना २ अंश ठेवले तर ८० अंशांना ०.८ सेकंद लागतात, आणि ते डोळ्यांना बरं दिसतं. शेवटचे १० अंश आणखी हळू घ्या. गुरुत्वमध्य बिजागरीच्या वर गेला की भार एकदम उतरतो आणि फेसप्लेट मागे धप्पकन आदळते. पोचल्यावर ३०० मिलिसेकंद थांबून डिटॅच करायचं, म्हणजे सिग्नल बंद. गुणगुण थांबते, करंट वाचतो. बंद स्थिती मग मोटर नव्हे, हनुवटीशी लावलेले ६ × २ मिमीचे निओडायमियम चुंबक धरतात. समोरासमोरच्या चुंबकांत साधारण २ मिमी अंतर सोडा. चिकटून बसले तर उघडताना सर्व्हो अडतो.

वीजपुरवठ्यात मात्र काटकसर नको. एमजी९०एस अडला की एकेक ७०० मिलिअँपच्या वर ओढतो, म्हणजे दोघांचे दीड अँप, त्यावर पंखा, दिवे आणि आवाज. नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून सर्व्हो चालवले तर यूएसबीचे ५०० मिलिअँप क्षणात संपतात, व्होल्टेज कोसळतं, नॅनो रीसेट होतो आणि फेसप्लेट पुन्हा सुरुवातीच्या जागी जाते. लोक याला कोडमधला घोळ समजून रात्ररात्र कोड तपासत बसतात. पॉवर बँकेचा त्रास उलटा: हेल्मेट शांत असताना करंट इतका कमी असतो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःहून बंद होते. पंखा सतत चालू असेल तरच ती टिकते.

आमच्या मते सरळ मार्ग असा. संरक्षण सर्किट असलेल्या दोन १८६५० लिथियम सेल सीरिजमध्ये, नाममात्र ७.४ आणि पूर्ण चार्ज ८.४ व्होल्ट. बॅटरीपासून निघताक्षणी ३ अँपचा फ्यूज. मग ३ अँपचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड), सर्व्हो जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५.२ व्होल्टला लावलेला. कन्व्हर्टरवरचा व्होल्टेजचा स्क्रू हादऱ्यांनी सरकतो, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. सर्व्होंच्या जवळात जवळ १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्टचा कपॅसिटर, पट्टा असलेली बाजू ग्राउंडला. नॅनोला वेगळी वाट: १एन५८१९ शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि त्याच्या पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सर्व्होंनी व्होल्टेज खाली ओढलं तरी डायोड नॅनोचा साठा मागे वाहू देत नाही. एवढ्यानेच रीसेटची तक्रार संपते. ग्राउंड सगळ्यांचा एकच हवा, नाहीतर सिग्नलला अर्थच उरत नाही.

२५०० मिलिअँप-तासाच्या सेल असतील तर साठा १८.५ वॅट-तास. पंखा, दिवे आणि बोर्ड मिळून दीड वॅटच्या आसपास खातात, म्हणजे कागदावर बारा तास. मोटर दिवसभरात मोजकेच सेकंद फिरते, खरी खादाड मंडळी पंखा आणि दिवे. पंख्याला वेगळा स्विच द्या. बॅटरी डोक्याशी ठेवू नये, कमरेला ठेवावी. वजन उतरतं आणि लिथियम सेल चेहऱ्यापासून लांब राहते. मानेवरून येणारी केबल ओढली गेली की सुटेल असा कनेक्टर त्यात हवा.

महिन्यांच्या वापरात सगळ्यात आधी तुटल्या त्या वायरी, आणि तुटल्या त्या सोल्डरपासून ५-६ मिमीवर. सोल्डर तारांच्या आत झिरपतं, तेवढा भाग कडक होतो, आणि लवचीक वायर त्याच कडेवर पुन्हा पुन्हा वाकते. फेसप्लेटमध्ये जाणारी वायर सिलिकॉनची, बारीक तारांची घ्या. ती बिजागरीच्या अक्षाच्या शक्य तितक्या जवळून न्या, ४-५ सेंमीचा सैल वळसा ठेवा, आणि जोडाच्या १ सेंमी आधी ती हॉट ग्लूने कवचाला धरून ठेवा, म्हणजे वाकणं वळशात होईल, जोडात नाही. ब्रेडबोर्डवाल्या जंपर वायरी हेल्मेटमध्ये वापरूच नका, मान हलवली की त्या सुटतात.

डोळ्यांच्या प्रत्येक एलईडीला स्वतःचा १५० ओहमचा रेझिस्टर पुरतो, सुमारे १२ मिलिअँप. डोळे हळूहळू उजळवायचे असतील तर पिन ९ आणि १० सोडा. नॅनोवर सर्व्हो लायब्ररी टायमर १ घेते आणि या दोन पिनांचं पीडब्ल्यूएम (उजेड कमीजास्त करायची सोय) बंद पडतं. ३, ५ किंवा ६ वापरा. एलईडीच्या मागची बाजू काळी करा, पण अ‍ॅल्युमिनियमची टेप लावून नको, ती शॉर्ट करते.

आवाजासाठी डीएफप्लेयर मिनी हा ध्वनी वाजवणारा छोटा बोर्ड चांगला आहे. त्याच्या आरएक्सच्या (आज्ञा घेणाऱ्या) वायरीत १ किलोओहम घातला की खरखर बरीच कमी होते. आवाज सुरू होताना सर्व्हो दचकत असतील तर कारण सॉफ्टवेअर सिरीयल (साध्या पिनांवरून आज्ञा पाठवणारी लायब्ररी): बाइट पाठवताना ती इंटरप्ट (नॅनोची वेळेवर दखल घ्यायची सोय) थांबवते आणि सर्व्होचा पल्स बिघडतो. आधी आवाजाची आज्ञा, मग ५० मिलिसेकंद थांबून सर्व्हो अटॅच. एवढा क्रम बदलला की झालं.

पंखा स्क्रूने घट्ट बसवला तर सगळं कवच घुमतं आणि आत बोललेलं ऐकू येत नाही. जाड फोमच्या चौकटीत नुसता दाबून बसवा, हवा बाहेरून आत आणि डोळ्यांसमोरच्या काचेवर जाईल अशा दिशेने. काचेच्या आसपास सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धूसर साय धरते आणि पुसून जात नाही.

पीएलए ६० अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडतो. उन्हात बंद गाडीत हेल्मेट राहिलं तर कवच दिसायला ठीक दिसतं, पण बिजागरीची भोकं लांबट होतात. अडलेला सर्व्होही तेवढा तापतो, म्हणून निदान सर्व्हो धरणारे कंस (ब्रॅकेट) जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लास्टिकचे छापा. ढकलतार आणि फेसप्लेट यांचा जोड चुंबकाचा ठेवा: वीज गेली, बटण अडकलं, श्वास कोंडला, तर हाताने ओढून चेहरा मोकळा करता आला पाहिजे. ही सोय नसलेलं हेल्मेट दुसऱ्याला घालायला देऊ नये. हातमोज्यातलं बटण ३०० मिलिसेकंद दाबून धरल्यावरच कोडने मानावं, नाहीतर हस्तांदोलनात चेहरा उघडतो. बटणाची वायर लांब असेल तर ४.७ किलोओहमचा पुल-अप (पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) बाहेरून लावा, आतला पुल-अप कमकुवत पडतो.

झीज म्हणाल तर एमजी९०एसच्या दात्यांत हळूहळू दोन-तीन अंशांचा ढिलेपणा आला. हनुवटीची फट चुंबक भरून काढतात, त्यामुळे बाहेरून कळत नाही. पुढचा सर्व्हो बदलताना मायक्रोसेकंदांचे आकडे नव्याने मोजावेच लागतात, जुने चालत नाहीत. सोबत एक सुटा सर्व्हो, दोन लॉकनट, वाकवलेली एक तार आणि छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा. बऱ्याच दिवसांसाठी ठेवून देणार असाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून काढून ठेवा, आणि फेसप्लेट बंद स्थितीत राहू द्या. उघडी ठेवली की तिचं सगळं वजन त्या तारेवर आणि दात्यांवर राहतं.